गार इंजिनाची पहिली पाच मिनिटं

मित्रहो, रात्रभर उभी राहिलेली, कार्ब्युरेटरची (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) जुनी मोटरसायकल सकाळी सुरू कशी करायची आणि सुरू झाल्यावर तिला गरम कसं होऊ द्यायचं, एवढाच आजचा विषय आहे. किक कशी मारावी याबद्दल प्रत्येक जण हिरिरीने बोलतो. किक लागल्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते इंजिनाचं आयुष्य तिथेच ठरतं.

आधी गाडी का अडते, ते पाहू. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ. गार इंजिनात कार्ब्युरेटरमधून निघालेलं बरंचसं पेट्रोल इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळीच्या, गार भिंतींना चिकटून बसतं आणि प्लगपाशी नुसती हवाच जास्त पोचते. एरवी वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण ज्वलनाला पुरतं. गार इंजिनाला त्याच्या कितीतरी पट पेट्रोल द्यावं लागतं, तेव्हा कुठे पेटण्याइतकी वाफ तयार होते. चोक याच कामासाठी असतो.

पण चोक म्हणजे सगळ्या गाड्यांत एकच वस्तू नव्हे. काही कार्ब्युरेटरांत तोंडाशी एक पत्रा असतो. तो फिरला की हवेची वाट अडते आणि इंजिन जोराने पेट्रोल ओढतं. मिकुनी, बिंग या कंपन्यांच्या बऱ्याच कार्ब्युरेटरांत असा पत्रा नसतोच. तिथे दट्ट्या वर उचलला जातो आणि जादा पेट्रोलाची एक वेगळी बारीक वाट उघडते. ही वाट चालते ती बंद थ्रॉटलमागच्या (थ्रॉटल म्हणजे रेस पिळली की उघडणारी झडप) ओढीवर. थ्रॉटल उघडलात की ती ओढ संपते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. म्हणून अशा गाडीला किक मारताना उजव्या हाताने थ्रॉटलला हातही लावायचा नाही. किकेआधी दोन-चारदा रेस पिळण्याची सवय पुष्कळांना असते. ज्या कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटर पंप आहे तिथे त्याने पेट्रोलाची पिचकारी उडते. ज्याला नाही, आणि बहुतेक जुन्या गाड्यांना तो नसतो, तिथे बंद इंजिनावर रेस पिळून पेट्रोलाचा एक थेंबही आत जात नाही. जुन्या अमल कंपनीच्या कार्ब्युरेटरांना टिकलर नावाचं एक बटण असतं. ते दाबून धरलं की फ्लोटच्या भांड्यातून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलाच्या साठ्यातून) पेट्रोल बाहेर पाझरू लागतं. पाझर दिसला की थांबायचं.

किकेआधीचं आणखी एक काम: क्लच सोडवून घेणं. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचप्लेटा रात्रभर दाबाखाली राहून एकमेकींना चिकटतात. इग्निशन बंद ठेवून, क्लच दाबून दोन-तीनदा किक खाली न्या. प्लेटा सुटल्या की किक हलकी लागते, ते पायाला लगेच कळतं. हे केलं नाही तर पहिला गिअर टाकताच गाडी खाडकन पुढे उसळते आणि तो दणका गिअरबॉक्सचे दाते सोसतात.

मोठ्या सिंगल सिलिंडर गाडीत ताकदीपेक्षा पिस्टन कुठे आहे याला महत्त्व आहे. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि कॉइलवाल्या जुन्या बुलेटवर हँडलजवळ अँपिअर मीटर असतो, तो नुसता शोभेचा नाही. इग्निशन चालू करा आणि किक हळूहळू दाबत मीटरच्या काट्याकडे बघा. पॉइंट मिटलेले असले की कॉइल करंट ओढते आणि काटा वजाकडे झुकतो. दाबत राहा. पॉइंट उघडले की काटा पटकन मध्यावर येतो. याचा अर्थ पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाशी आला. आता डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून किक जराशी पुढे ढकला, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण, सलग, शेवटपर्यंत किक मारा. पिस्टन टोक ओलांडून गेलेला असतो, त्यामुळे किक उलटी बसण्याची भीती फारच कमी होते आणि इंजिनातलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, फिरून वेग घ्यायला पूर्ण फेरा मिळतो. ही रीत मला मनापासून आवडते, कारण इंजिनाच्या आत काय चाललंय ते बाहेरून डोळ्यांना दिसतं.

चार-पाच किकांत गाडी लागली नाही आणि पेट्रोलाचा वास येऊ लागला, तर ती फ्लड झाली आहे, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालं आहे. चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि किक. तरीही नाही लागली तर प्लग काढून पुसा.

आता लागली. इथे बहुतेक जण चोक तसाच ठेवून चहा प्यायला आत जातात, किंवा शेजारी उभं राहून रेस देत बसतात. दोन्ही वाईट. जादा पेट्रोल पूर्ण जळत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि तळातलं ऑइल पातळ करतं. प्लग काळा पडतो तो वेगळाच. एअर-कूल्ड गाडी उभी असेल तर हेडवर वारा नसतो, त्यामुळे हेड (सिलिंडरचा वरचा भाग) भरपूर तापतं पण तळातलं ऑइल बराच वेळ गारच राहतं. आणि रेस द्यायची तर त्याहून धोका: ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. बिडाच्या बॅरलमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन असेल, तर पिस्टन आधी फुगतो आणि बॅरल मागे राहतं. गार गाडी जोरात पळवली की मधली फट संपते आणि पिस्टन भिंतीला घासतो. टू-स्ट्रोकवाल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. गार इंजिन सीझ होण्याचं, म्हणजे पिस्टन अडकून जाम होण्याचं, कारण बरेचदा हेच असतं.

मग करायचं काय? अर्धा-एक मिनिट थांबा. इंजिन सरळ धरलं की चोक अर्ध्यावर आणा आणि निघा. पहिले चार-पाच किलोमीटर अर्ध्याहून जास्त थ्रॉटल नको. पण खालच्या वेगात वरचा गिअर टाकून इंजिन कण्हायलाही लावू नका. चोक आणखी कमी केल्यावर गाडी अडखळली नाही तर तो पूर्ण बंद करा. गिअरबॉक्सचं ऑइल आणि टायर गाडी चालवल्यावरच तापतात. उभ्या गाडीत ते गारच राहतात. आणि दोन मिनिटं चालवून बंद केलेली गाडी न चालवलेलीच बरी. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं थोडं इंजिनात उतरतं, आणि ऑइल नीट तापलं नाही तर ते उडून जात नाही. फिलर कॅपच्या आतून पांढरट, लोण्यासारखा थर दिसला तर समजा की गाडी पुरेशी लांब चालत नाही.

बंद शेडमध्ये मात्र अर्धा मिनिटही इंजिन चालू ठेवू नका. चोकवरच्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गाडी ढकलत बाहेर आणा, मग किक मारा.

शेवटी एक खूण सांगतो. गरम झाल्यावरही चोक काढताच गाडी बंद पडत असेल, तर पायलट जेट (मंद चालीचं पेट्रोल देणारं बारीक छिद्र) तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. आणि पूर्वी दोन किकांत लागणारी गाडी हळूहळू गारठ्यात जड जाऊ लागली, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, तपासा. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेले की फट कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. ही फट गार इंजिनावर मोजायची असते, त्यामुळे त्या सकाळी पहिली किक मारण्याआधीच फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात घ्या.