उरलेल्या तुकड्यांची पानगळ

[दृश्य: टेबलावर एक पत्र्याचा डबा उलटा होतो. चिंध्या, लोकर, फिती, बटणं घरंगळतात.]

शिवण, विणकाम, कागदकाम, यातलं काहीही करणाऱ्याच्या घरी असा एक डबा असतोच. टाकवत नाही आणि लागतही नाही, अशा गोष्टींचा. वीतभर फीत. मोजे विणून उरलेला लोकरीचा लिंबाएवढा गुंडा. मधूनच काहीतरी कापून घेतल्यामुळे भोकं पडलेला फेल्टचा तुकडा. झाकण बसेनासं झालं की आपण काही टाकून देत नाही, मोठा डबा आणतो.

आज हा डबा रिकामा करायचाय. निदान अर्धा. बाहेर पानं रंग बदलू लागलीत, आणि घरातल्या भिंतीवर पानांचं एक गोल कडं लावायचंय.

नव्या कार्डपेपरचं पाकीट फोडून तासाभरात तीस पानं कापता येतात. मी कापलीही आहेत. सगळी एका मापाची, सगळी एकाच नारिंगी रंगाची. भिंतीवर लावली तेव्हा सेलची जाहिरात लावल्यासारखं दिसत होतं. झाडावरची दोन पानं कधी एका रंगाची नसतात, आणि नेमका हाच फरक पाकिटातून मिळत नाही. डब्यात तो आयता पडलेला आहे. विटकरी, मोहरीसारखा पिवळा, गंजासारखा तांबूस, आणि ज्याला नावच नाही असा एक करडा-तपकिरी.

[दृश्य: एका पिकत्या पानाचा जवळून घेतलेला फोटो. पातं पिवळं, शिरांच्या कडेनं अजून हिरवं.]

कापायला बसण्याआधी हे पान नीट बघून घेऊ. उन्हाळाभर त्याला हिरवं ठेवतं ते हरितद्रव्य. दिवस लहान झाले, गारठा वाढला की झाड नवं हरितद्रव्य बनवणं थांबवतं आणि असलेलं विरत जातं. मग खालचा पिवळा दिसतो. तो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा, आणि तो पानात आधीपासूनच होता, फक्त झाकलेला. लाल रंगाचं तसं नाही. तो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, आणि बहुतेक झाडांत तो या दिवसांतच नव्यानं तयार होतो. म्हणजे पिवळा तळातला, लाल वरून आलेला. कापडाचे थर लावतानाही हाच क्रम ठेवायचा. पिवळं खाली, त्याच्यावर एका कडेला लाल. आणि शिरा? बऱ्याच पानांत हिरवा रंग शिरांजवळ सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो. म्हणून शिरा तपकिरी दोऱ्यानं नाही, हिरव्या दोऱ्यानं घालायच्या. एवढ्या एका बदलानं पान जिवंत वाटायला लागतं.

आता कड्याचा सांगाडा. पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या. ताटाएवढं वर्तुळ, आतलं वर्तुळ कापून काढायचं, चार बोटं रुंदीचं कडं उरतं. अशी दोन कापा आणि एकावर एक चिकटवा, पण पुठ्ठ्यातल्या नाल्या एकमेकींना आडव्या येतील अशी. नाल्या एकाच दिशेनं आल्या तर कडं आठवडाभरात वाकतं. वरून चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळायच्या. पट्ट्या कापू नका, टरकवा. कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं आणि कडेला जी झालर सुटते ती इथं छानच दिसते.

[दृश्य: कात्री कापडावर तिरकी चालते आहे.]

पानांच्या बाबतीत मात्र ती झालर नको. विणलेल्या कापडात उभा धागा आणि आडवा धागा असतो. सरळ कापलं की कडेचे धागे सुटे होतात. तिरकं, म्हणजे ४५ अंशांत कापलं, तर बरेच कमी सुटतात. पानाची मधली शीर त्या तिरक्या रेषेवर धरून आखा. टोकं तरीही उसवतीलच. तिथं पांढऱ्या गोंदात थोडं पाणी घालून ब्रशनं पुसटसा हात फिरवायचा आणि वाळू द्यायचं. घाई करून ओल्या कडेवर कात्री चालवली की सगळं चोथा होतं.

फेल्टला ही कटकट नाही. त्यात उभं-आडवं विणकामच नसतं, नुसते एकमेकांत गुंतलेले तंतू. माझा एक शुद्ध लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला गेला आणि बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर आला. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत घट्ट अडकतात. दोन दिवस हळहळले. मग त्या स्वेटरमधून एकवीस पानं निघाली, एकाचीही कड सुटली नाही. अ‍ॅक्रिलिकच्या स्वेटरवर हा प्रयोग करू नका, त्याचं फेल्ट होत नाही.

लोकरीचे तुकडे बोटाएवढे असतील तरी चालतील. मध्ये एक दोरा धरायचा, त्याच्या दोन्ही अंगांनी तुकडे गाठी मारून ओवत जायचे. मग जुन्या कंगव्यानं विंचरायचं. पीळ सुटतो, लोकर पिसासारखी पसरते, आणि कात्रीनं पानाचा आकार द्यायचा. विंचरताना बरीच लोकर गळते. काळा कुर्ता घालून हे काम करू नये.

खरी पानंही घालता येतात. रद्दीच्या कागदात घालून वजनाखाली आठ-दहा दिवस दाबली की सपाट होतात, पण ठिसूळही होतात. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाण्यात काही दिवस बुडवून ठेवली तर लवचिक राहतात, रंग जरा गडद होतो. मी दोन-तीनच घालते.

[दृश्य: कड्यावर पानं एकामागून एक बसत जातात.]

लावताना सगळ्या पानांची टोकं एकाच दिशेला ठेवा आणि प्रत्येक पान आधीच्या पानाच्या देठावर चढवा. शेवटच्या पानाचा देठ पहिल्या पानाखाली सारायचा. डब्यात निळा तुकडा निघाला तर एखाद्या बोराएवढाच लावा, शेजारचा नारिंगी एकदम उठून दिसतो. कडं उन्हाच्या खिडकीत लावणार असाल तर हॉट ग्लूवर विसंबू नका. तो उष्णतेनं मऊ पडतो. दोन टाके घाला. आणि मेणबत्तीच्या आसपास हे नकोच. कागद, लोकर, कापूस, सगळं पेट घेणारं आहे.

[दृश्य: कडं खिळ्यावर. हळूच उजवीकडे कलतं.]

कलणारच. उजव्या बाजूला स्वेटरची जाड पानं जास्त पडलीत. उलटं करा, डावीकडे मागच्या बाजूला एक जड बटण शिवा. अजून कलतंय? आणखी एक. कोटाची चार बटणं आहेत डब्यात. कोट कधीच गेला.