खाऱ्या हवेतला संगणक

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या हर्णै-मालवणकडे दुरुस्तीला आलेल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपचा चार्जिंग पोर्ट भिंगातून पाहा. पिनांच्या मुळाशी हिरवट थर दिसेल. दर्यावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते हवेतली ओल धरून ठेवतं, आणि त्या ओलीत वीज खेळली की तांबं झपाट्यानं झिजतं. पुष्कळ लॅपटॉपमध्ये हा पोर्ट मुख्य बोर्डवरच सोल्डर केलेला, म्हणजे वितळवलेल्या धातूनं कायमचा जोडलेला असतो. मग एवढ्याशा पोर्टापायी धडधाकट यंत्र मोडीत! कौल फुटलं म्हणून घर कुणी पाडतं का?

सुट्या भागांचा संगणक मला इथे हवासा वाटतो तो याचसाठी. फ्रेमवर्क कंपनीनं 2021 मध्ये आणलेल्या लॅपटॉपला पोर्ट म्हणून छोटी सरकती कार्डं आहेत. कार्ड आतल्या यूएसबी-सी खोबणीत बसतं. रोजची झीज बाहेरच्या कार्डाच्या वाट्याला येते. खराब झालं की तेवढंच बदलायचं.

पण सगळंच सुटं करायला निघालो तर फसू. गूगलचा ‘आरा’ फोन असाच भाग जोडून बनायचा होता. पुढे त्यांनी प्रोसेसर आणि पडदा कायमचा बसवायचं ठरवलं, आणि 2016 मध्ये तो प्रकल्पच बंद केला. आपल्या किनाऱ्यावर तर प्रत्येक जोड म्हणजे मिठाला उघडी वाट. बोर्डवर संरक्षक लेप देता येतो. जोडाच्या पिनांवर देता येत नाही, कारण तिथे धातूला धातू टेकायलाच हवा.

म्हणून मी प्रोसेसर आणि मेमरी एकाच लेप दिलेल्या बोर्डवर ठेवीन. पंखा नकोच, तो खारी हवा आत ओढतो. कमी वीज खाणारा प्रोसेसर घ्यावा. सुटे भाग तीनच: पोर्ट, कीबोर्ड, बॅटरी. बॅटरी स्क्रूवर बसवलेली, गोंदानं चिकटवलेली नाही. जोडांना निकेलवर सोन्याचा मुलामा, आणि तो जाड हवा. पातळ मुलाम्याला सूक्ष्म छिद्रं राहतात, त्यातूनच गंज सुरू होतो. पैसे वाचवायचे तर बाहेरच्या दिखाऊपणात वाचवा, इथे नको.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या इंजिनीअरिंगच्या मुलामुलींनो, निरनिराळ्या मुलाम्याचे जोड आणा, त्यांतून थोडी वीज सोडून ते यंदा पावसाळाभर किनाऱ्याजवळच्या पडवीत ठेवा, आणि दर आठवड्याला त्यांचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजून वहीत लिहा.