जॉन राजा: बखर आणि दप्तर

[दृश्य : वूस्टर कॅथेड्रल. मुख्य वेदीसमोरची समाधी.]

इंग्लंडमधलं वूस्टर. इथल्या कॅथेड्रलमध्ये वेदीसमोर दगडात कोरलेला एक राजा पहुडला आहे. हातात तलवार, पायाशी सिंह आणि डोक्याच्या दोन बाजूंना दोन संत बिशपांच्या चिमुकल्या आकृती. हा राजा जॉन. ऑक्टोबर 1216मध्ये नेवार्कच्या किल्ल्यात हगवणीनं त्याचा अंत झाला. तेव्हा राजधानी लंडन बंडखोर सरदारांच्या आणि त्यांनी बोलावलेल्या फ्रेंच राजपुत्राच्या हातात होती.

पुढे सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या मॅथ्यू पॅरिस या भिक्षूनं त्याच्याविषयी लिहून ठेवलं : नरक मुळातच ओंगळ, पण जॉन आल्यानं तो आणखी ओंगळ झाला.

जॉन वाईट राजा होता, असं आमचंही मत आहे. पण त्याला वाईट ठरवताना सांगितलेल्या कित्येक गोष्टी खोट्या आहेत. आणि ज्या खऱ्या आहेत, त्या त्याच्याच कारकुनांनी लिहून ठेवल्या आहेत.

[दृश्य : हस्तलिखिताची पानं.]

आधी खोट्या गोष्टी. कॅंटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधल्या चर्चचा प्रमुख, कोण असावा, यावरून जॉनचं पोपशी बिनसलं. पोपनं 1208मध्ये इंग्लंडमधली धर्मकृत्यं बंद पाडली. सहा वर्षं चर्चमध्ये नेहमीच्या प्रार्थना नाहीत, मृतांना पवित्र भूमीत जागा नाही. जॉननं उलट चर्चचं उत्पन्न जप्त केलं. आणि त्या काळी इतिहास लिहिण्याचं काम होतं मठातल्या भिक्षूंकडे.

सेंट ऑल्बन्सचाच रॉजर, वेंडोव्हरचा, एक भयंकर कथा सांगतो. जेफ्री नावाचा नॉरिचचा आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्माधिकारी, पोपनं बहिष्कृत केलेल्या राजाची नोकरी सोडून निघाला, म्हणून जॉननं त्याला कैदेत टाकलं, अंगावर शिशाचा झगा चढवला आणि त्या ओझ्यानं, उपासमारीनं तो मेला. प्रत्यक्षात त्या पदावरचा जेफ्री चांगला जिवंत राहिला आणि 1225मध्ये ईलीचा बिशप झाला. मॅथ्यू पॅरिस तर त्याच्याही पुढे जातो. जॉननं म्हणे मोरोक्कोच्या अमीराकडे दूत धाडून मुसलमान व्हायची तयारी दाखवली होती! बखरकाराला राजाचा राग असला की काय होतं, ते इथे उघड दिसतं.

गंमत म्हणजे तीनशे वर्षांनी हाच जॉन एकदम नायक झाला. आठव्या हेन्रीनं रोमशी नातं तोडलं. मग पोपला तोंड देणारा जुना राजा प्रॉटेस्टंट लेखकांना हवाच होता. जॉन बेल यांनी त्याच्यावर नाटक लिहून त्याला देशासाठी सोसणारा हुतात्मा केलं.

ते फार टिकलं नाही. रॉबिन हूडच्या गोष्टींनी जॉनला पुन्हा खलनायक केलं. या गोष्टींच्या जुन्या पोवाड्यांत जॉन नाहीच. तिथला राजा आहे एडवर्ड. रॉबिनला जॉनच्या काळात नेऊन बसवलं ते 1521मध्ये, एका स्कॉटिश इतिहासकारानं.

त्याच गोष्टींमुळे थोरला भाऊ रिचर्ड देवमाणूस ठरला. लंडनच्या संसदेबाहेर आजही त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. दहा वर्षांच्या कारकिर्दीत हा राजा इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने राहिला. 1191मध्ये धर्मयुद्धात, पॅलेस्टाइनमधल्या एकर शहरात त्यानं सुमारे 2,700 कैद्यांची कत्तल करवली. तो पकडला गेला तेव्हा खंडणी ठरली 1,50,000 मार्क (मार्क हे तेव्हाचं पैशाच्या हिशेबाचं माप). ती भरायला प्रजेच्या उत्पन्नाचा आणि चीजवस्तूंचा चौथा हिस्सा मागितला गेला. लोकांना करांनी पिळणं जॉनपासून सुरू झालं नाही, हे ठामपणे सांगायला हवं.

आणि त्यांची आई, एलेनॉर? नवरा दुसऱ्या हेन्रीच्या प्रेयसीला, रोझामंडला, तिनं विष पाजलं असं शतकानुशतकं गायलं गेलं. रोझामंड वारली 1176च्या सुमारास. एलेनॉर तेव्हा नवऱ्याच्याच कैदेत होती.

[दृश्य : चर्मपत्राच्या गुंडाळ्या, लंडनचं राष्ट्रीय अभिलेखागार.]

आता दप्तर पाहू. 1199मध्ये जॉन गादीवर आला, त्या वर्षापासून राजाच्या सनदांच्या नकला गुंडाळ्यांवर उतरवायची पद्धत सुरू झाली. पाठोपाठ पत्रांच्याही. यातला जॉन वेगळाच आहे. सतत फिरतीवर असलेला, न्यायनिवाड्यात बारकाईनं लक्ष घालणारा. आंघोळ घालणाऱ्या नोकराच्या मजुरीची यात नोंद आहे. रेडिंगच्या मठाधिपतीकडे असलेला आपला प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाचा ग्रंथ मागवून घेतल्याचीही आहे. विसाव्या शतकात इतिहासकार या गुंडाळ्यांत शिरले आणि काहींना जॉन चक्क आवडू लागला. कष्टाळू, हुशार, कामाचा राजा!

पण याच गुंडाळ्या पुढे वाचाव्यात. ह्यू डी नेव्हिल या राजाच्या अधिकाऱ्याच्या बायकोनं नवऱ्यासोबत एक रात्र घालवता यावी म्हणून राजाला 200 कोंबड्या देऊ केल्या, अशी नोंद सापडते. ही थट्टा की जुलूम, यावर अजून वाद आहे. जेफ्री डी मँडेव्हिल या सरदाराच्या नोंदीवर मात्र वाद होऊ शकत नाही. जॉननं आपली घटस्फोटित पत्नी, ग्लॉस्टरची इझाबेला, 1214मध्ये त्याच्या गळ्यात बांधली आणि लग्नाचे 20,000 मार्क त्याच्या नावावर कर्ज म्हणून लिहिले. पुढच्याच वर्षी राजावर नजर ठेवायला 25 सरदार नेमले गेले, त्यांत हा मँडेव्हिल होता.

आणि विल्यम डी ब्रिऊझ. एकेकाळी जॉनचा अगदी जवळचा. राजाची मर्जी फिरली आणि जुनी थकबाकी अचानक वसुलीला निघाली. विल्यम फ्रान्सला पळाला. बायको माटिल्डा आणि थोरला मुलगा सापडले. 1210मध्ये दोघांना कोठडीत उपाशी ठेवून मारलं, असं एकाहून अधिक समकालीन लेखक सांगतात. याबद्दल राजानं स्वतःची बाजू मांडणारं निवेदन काढलं होतं. ते आजही आहे. किती देणं होतं, कोणते हप्ते चुकले, सगळं त्यात आहे. माटिल्डाच्या मृत्यूबद्दल त्यात अवाक्षर नाही.

ही राजाचीच साक्ष आहे. तिच्यापुढे शिशाच्या झग्याची गरज काय?

[दृश्य : रनीमीड, टेम्स नदीकाठची कुरणं.]

15 जून 1215. रनीमीडच्या कुरणात जॉननं मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद, मान्य केली. तिची कलमं गुंडाळ्यांच्या शेजारी ठेवून वाचली, की एकेक तक्रार ओळखू येते. कलम 8 : विधवेला जबरदस्तीनं लग्नाला लावू नये. कलम 39 : कायदेशीर निवाड्याशिवाय कोणत्याही मुक्त माणसाला पकडू नये, कैदेत टाकू नये, देशोधडीला लावू नये.

त्या वर्षी बंडखोरांना मिळालेल्यांमध्ये हेरफर्डचा बिशप जाइल्सही होता. तो माटिल्डाचा मुलगा.