औंध : ७२ गावांचे स्वराज्य

मुंबईत काळा घोडा परिसरातील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या दगडी इमारतीत मुंबई सरकारची जुनी दप्तरे जतन केलेली आहेत. इथे सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाची आठवण येते, कारण १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर पंतप्रतिनिधी घराण्याची ही जहागीर थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आली.

औंधला मूळपीठाचा डोंगर आहे आणि त्यावर यमाई देवीचे मंदिर. या देवीच्या छत्राखालचे संस्थान अवघे ७२ गावांचे, आणि तीही सलग नव्हेत: औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचे गुणदाळ.

१९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. ते स्वतः चित्रकार होते. औंधच्या १९३८ च्या संग्रहालयात राजा रविवर्मा आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातले धुरंधर यांची चित्रे आहेत. कुंडलजवळच्या ३२ एकर माळावर किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला, तोही बाळासाहेबांनीच दिलेल्या जागेवर.

आम्हाला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती १९३९ ची राज्यघटना. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते यांच्यासह बाळासाहेब गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्याने घटनेचा आराखडा ठरला. गावाने आपली पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांनी तालुक्याचा कारभार पाहायचा आणि तालुक्यांनी विधिमंडळावर प्रतिनिधी पाठवायचे, अशी ही उतरंड गावातून वर चढत जाणारी होती. इंग्रजांचे राज्य अजून संपलेले नसताना एका राजाने आपले अधिकार स्वखुशीने प्रजेच्या हाती सोपवले, ही घटना महाराष्ट्राच्या इतिहासात तळटीपेपुरती उरावी, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. कैद्यांना भिंतीविना, विश्वासावर ठेवण्याची ही कल्पना फ्रीडमन यांची.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ती घटनाही संपली.

स्वतंत्रपूर मात्र अजून आहे. शिक्षा भोगणारी माणसे बायकामुलांसह तिथे राहतात आणि तिथल्याच शेतात राबतात.