पेनंट जिंकले, पण संघ टिकला नाही : बेसबॉलच्या आरंभकाळातील विजेते

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलची पहिली साखळी स्पर्धा १८७१ साली झाली आणि तिच्या अजिंक्यपदाचा, म्हणजे पेनंटचा, निर्णायक सामना ३० ऑक्टोबर रोजी ब्रुकलिनच्या युनियन ग्राउंड्सवर खेळला गेला. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या शिकागोच्या खेळाडूंच्या अंगावर उसने मागून आणलेले गणवेश होते, कारण त्याच महिन्यात लागलेल्या भीषण आगीत त्यांच्या शहराचा मोठा भाग जळून गेला होता आणि त्यात क्लबचे मैदान, सामान आणि कपडेही गेले होते. फिलाडेल्फियाच्या अॅथलेटिक्स संघाने तो सामना ४-१ असा जिंकला आणि व्यावसायिक बेसबॉलमधील पहिला विजेता म्हणून आपले नाव नोंदवले. पुढची हकिकत मात्र उलटी आहे. सर्वस्व जळालेला शिकागोचा क्लब दोन हंगाम बाहेर राहून परत आला आणि शिकागो कब्ज या नावाने आजही खेळतो आहे. विजेता अॅथलेटिक्स मात्र पाच वर्षांत संपला.

विल्यम हल्बर्ट यांनी १८७६ मध्ये नॅशनल लीगची स्थापना केली तेव्हा तिच्या आठ संस्थापक क्लबांत अॅथलेटिक्स होता. पहिल्याच हंगामात त्याची घसरगुंडी झाली, प्रेक्षक रोडावले आणि पश्चिमेकडील शहरांच्या शेवटच्या दौऱ्याचा खर्च परवडत नाही म्हणून क्लबने दौऱ्यावर जाण्याचे नाकारले. हल्बर्ट यांनी कोणतीही गय न करता न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघाबरोबर त्यालाही लीगमधून काढून टाकले. आज अॅथलेटिक्स हे नाव लावणाऱ्या संघाचा या जुन्या क्लबाशी नावापलीकडे संबंध नाही. शिवाय बेसबॉलच्या नोंदी प्रमाणित करण्यासाठी १९६९ मध्ये बसलेल्या समितीने ती पहिली स्पर्धा चालवणाऱ्या १८७१ ते १८७५ या काळातील संघटनेला मुख्य लीगचा, म्हणजे सर्वोच्च स्तराचा, दर्जा नाकारला, त्यामुळे पहिल्या विजेत्याचे विजेतेपदही अधिकृत हिशेबाबाहेर राहिले.

हरणारा संघ बुडाला तर त्याचे कारण शोधत बसावे लागत नाही. जिंकणारा संघ का बुडतो, हा खरा अभ्यासाचा प्रश्न आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील बेसबॉलमध्ये तो पुन्हापुन्हा समोर येतो. माझे म्हणणे असे आहे की हे संघ मैदानावर हरले म्हणून संपले नाहीत. तिकिटांचा पैसा कसा वाटायचा, खेळाडूंवर हक्क कोणाचा आणि एका मालकाने किती क्लब बाळगायचे, हे ठरवणाऱ्या बंद खोलीतील बैठकांनी त्यांना संपवले. यासाठी मी प्रामुख्याने प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाविषयी बोलणार आहे.

प्रॉव्हिडन्स ही ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यातील गिरण्यांची आणि कारखान्यांची नगरी. १८८० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १,०४,८५७ होती. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो यांच्यापुढे हा आकडा किरकोळच, आणि बॉस्टनसारखा बलाढ्य शेजारी हाकेच्या अंतरावर. तरीही १८७८ मध्ये मेसर स्ट्रीटवरील मैदान बांधून हा क्लब नॅशनल लीगमध्ये उतरला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने अजिंक्यपद पटकावले. त्या विजयाला घरगुती चुरशीची किनार होती. प्रॉव्हिडन्सचे नेतृत्व जॉर्ज राइट यांच्याकडे होते आणि मागे पडलेल्या बॉस्टनचे त्यांचे थोरले बंधू हॅरी राइट यांच्याकडे. जॉर्ज आणि जिम ओरूर्क हे दोघेही आदल्या वर्षी बॉस्टनकडून खेळलेले होते, आणि असे मोहरे दुसरीकडे निघून जातात ही गोष्ट बॉस्टनच्या मालकांच्या जिव्हारी लागली.

त्यातूनच १८७९ च्या सप्टेंबरअखेर बेसबॉलचा पुढील शंभर वर्षांचा कारभार ठरवणारा निर्णय झाला. प्रत्येक क्लबाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना अन्य कोणत्याही क्लबाने करारबद्ध करू नये, असे मालकांनी आपापसांत ठरवले. या राखीव कलमाची पहिली झळ विजेत्या संघाच्या नायकालाच बसली. प्रॉव्हिडन्सने देऊ केलेल्या अटी जॉर्ज राइट यांना मान्य नव्हत्या आणि दुसरीकडे खेळण्याची वाट बंद झाली होती; परिणामी, त्या काळातला सर्वोत्तम शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून नावाजलेला हा खेळाडू पुढचे दोन हंगाम जवळजवळ घरीच बसला. अजिंक्यपद मिळवून देणारा माणूस विजेत्या क्लबाने असा गमावला.

ग्रेज संघ मात्र खचला नाही. १७ जून १८८० रोजी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड याने बफेलोच्या एकाही बॅटरला बेसवर (धाव घेताना गाठायच्या ठिकाणी) पोहोचू न देता सामना जिंकून दिला. मुख्य लीगमध्ये असा निर्दोष सामना त्यापूर्वी एकच झाला होता. १७ ऑगस्ट १८८२ रोजी डेट्रॉइटविरुद्धचा सामना तर नेहमीच्या नऊऐवजी अठरा डावांपर्यंत ०-० असा अडकून राहिला. वॉर्डने अठराही डाव एकट्याने पिचिंग केले आणि अखेर राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला, खेळत असलेल्या चार्ल्स रॅडबर्न याने होम रन (एकाच फटक्यावर सगळे बेस पार करणारी धाव) मारून तो १-० असा सोडवला. त्या दिवशी आमनेसामने असलेले दोन्ही क्लब पुढे विजेते ठरले आणि दोन्ही त्याच दशकात नामशेष झाले, म्हणून हा सामना मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

आता १८८४ च्या हंगामाकडे वळू. त्या वर्षी लीगने पिचरला हात खांद्याच्या वर नेऊन चेंडू टाकण्याची मुभा दिली होती आणि पिचर व बॅटर यांच्यातील अंतर आजच्यापेक्षा कमी, म्हणजे पन्नास फूट होते. प्रॉव्हिडन्सकडे रॅडबर्न आणि तरुण चार्ली स्वीनी असे दोन पिचर होते. स्वीनीने ७ जून रोजी बॉस्टनच्या १९ बॅटरना स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले; नऊ डावांच्या सामन्यातला हा आकडा मागे टाकायला १९८६ साल उजाडावे लागले. पण दोघांत बेबनाव होता. जुलैच्या मध्यास एका पराभवानंतर रॅडबर्नला निलंबित करण्यात आले, आणि २२ जुलैला फिलाडेल्फियाविरुद्धच्या सामन्यात, दारूच्या अमलाखाली असलेल्या स्वीनीने पिचरची जागा सोडून राइट फील्डमध्ये जायला साफ नकार दिला व तो मैदानातून चालता झाला. उरलेल्या आठ जणांनी सामना पुरा केला आणि हातात असलेली आघाडी गमावून ते १०-६ असे हरले. स्वीनी सेंट लुईस मरून्सकडे गेला. हा संघ युनियन असोसिएशन या नव्या लीगचा विजेता ठरला. ती लीग एका हंगामात बंद पडली आणि हा संघही पुढे फार काळ टिकला नाही.

इकडे प्रॉव्हिडन्सच्या संचालकांसमोर क्लब मोडीत काढण्याचा विचार आला. मॅनेजर फ्रँक बॅनक्रॉफ्ट यांनी रॅडबर्नशी बोलणी केली. त्याने उरलेल्या हंगामाचे पिचिंग अंगावर घेण्याची तयारी दाखवली. त्याची अट एवढीच होती की पगार वाढवून मिळावा आणि हंगामानंतर आपल्याला राखीव यादीतून मोकळे करावे. आपली किंमत ओळखणारा हा माणूस राखीव कलमाचा अर्थही नेमका ओळखून होता. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक सामन्यात तोच पिचिंगला उभा राहिला. त्या हंगामात त्याने ६७८ हून अधिक डाव टाकले, सुरू केलेले ७३ च्या ७३ सामने स्वतःच पूर्ण केले आणि ४४१ बॅटर स्ट्राइक आउट केले. खांदा इतका दुखावला होता की सकाळी केस विंचरायलाही हात वर जात नसे, असे त्याच्याविषयी सांगतात. संघाने ८४ सामने जिंकले, २८ गमावले आणि बॉस्टनला साडेदहा सामन्यांनी मागे टाकले.

त्याच्या नावावर ६० विजय की ५९, हा वाद अजूनही चालतो. २८ जुलैच्या सामन्यात दुसरा पिचर पाच डाव टाकून आघाडी घेऊन बाहेर पडला होता आणि रॅडबर्नने उरलेले चार डाव सांभाळले होते. तेव्हाच्या नोंदकाराने विजय रॅडबर्नच्या खात्यावर लिहिला. आजच्या नियमाने तो पहिल्या पिचरला जातो. माझ्या मते ज्या काळात सामना झाला त्या काळातल्या नोंदकाराचा निर्णय मानावा. अर्थात ५९ म्हटले तरी त्या विक्रमाच्या जवळपासही कोणी फिरकलेले नाही.

ऑक्टोबरमध्ये ग्रेजची गाठ दुसऱ्या मोठ्या लीगच्या, म्हणजे अमेरिकन असोसिएशनच्या विजेत्या न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी पडली. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झालेले तिन्ही सामने रॅडबर्नने टाकले आणि तिन्ही जिंकले. तिसऱ्या दिवशी थंडी कडाक्याची होती, निकाल लागून चुकला होता, प्रेक्षक मोजकेच होते आणि मेट्रोपॉलिटन्सना खेळण्याची इच्छा नव्हती. अखेर पंच निवडण्याचा अधिकार त्यांना देऊन खेळायला राजी करण्यात आले. त्यांनी आपलाच पिचर टिम कीफ याला पंच म्हणून उभे केले, आणि तरीही ते हरले.

त्या सामन्यातील पराभूत क्लबाची कथाही याच विषयात मोडते. मेट्रोपॉलिटन्सचा मालक जॉन डे याच्याकडे नॅशनल लीगमधला न्यूयॉर्कचा दुसरा क्लबही होता. नॅशनल लीगचे तिकीट पन्नास सेंटचे आणि असोसिएशनचे पंचवीसचे. त्यामुळे १८८५ मध्ये त्याने मॅनेजर जिम म्युट्री आणि कीफ यांना विजेत्या संघातून काढून महाग तिकिटाच्या संघात, म्हणजे पुढे जायंट्स नाव पडलेल्या क्लबात, नेले. पोखरलेले मेट्रोपॉलिटन्स विकले गेले, स्टेटन आयलंडवरील सेंट जॉर्ज क्रिकेट ग्राउंड्सवर दोन हंगाम खेळले आणि १८८७ नंतर संपले.

प्रॉव्हिडन्सचा अंत त्याच्याही आधी झाला. १८८५ मध्ये संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. विजयाच्या वर्षी वाढलेले पगार छोट्या शहराच्या तिकीटविक्रीतून निघेनात. रविवारी गिरण्यांना सुटी असे, पण नॅशनल लीगमध्ये रविवारी सामने खेळायला मनाई होती. कामगारांच्या वस्तीत उभ्या राहिलेल्या क्लबाला हा नियम किती जाचला असेल, हे वेगळे सांगायला नको. हंगाम संपल्यावर क्लब विसर्जित झाला आणि रॅडबर्न बॉस्टनकडे गेला. जगज्जेते म्हणवून घेतल्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

डेट्रॉइट वुल्व्हरीन्सची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिचे मर्म एकाच ठिकाणी आहे. औषधनिर्मितीच्या व्यवसायातील फ्रेडरिक स्टर्न्स याने १८८५ मध्ये बफेलोचा डबघाईला आलेला क्लब विकत घेऊन डॅन ब्राउदर्स, हार्डी रिचर्डसन, डीकन व्हाइट आणि जॅक रो हे चार दिग्गज डेट्रॉइटला आणले. डेट्रॉइट तेव्हा लहान शहर होते, पण अशा संघाला पाहायला बॉस्टन, न्यूयॉर्कमध्ये गर्दी लोटेल आणि तिकीटविक्रीतील पाहुण्या संघाच्या वाट्यातून खर्च भरून निघेल, हा त्याचा हिशेब होता. हिशेब बिनचूक होता, म्हणूनच मोठ्या शहरांच्या मालकांनी वाटणीचा नियमच पाहुण्या संघाविरुद्ध फिरवला. १८८७ मध्ये वुल्व्हरीन्सनी पेनंट जिंकले, सेंट लुईस ब्राउन्सविरुद्धची पंधरा सामन्यांची मालिका १०-५ अशी जिंकली आणि १८८८ अखेर दुकान बंद केले.

शेवटचे उदाहरण बाल्टिमोर ओरिओल्सचे. १८९२ मध्ये नॅशनल लीगमध्ये तळाशी असलेला हा संघ नेड हॅनलन यांच्या हाताखाली दोन वर्षांत अव्वल ठरला आणि १८९४, १८९५, १८९६ अशी लागोपाठ तीन पेनंटे जिंकला. जॉन मग्रॉ, विली कीलर, ह्यूई जेनिंग्ज, जो केली, विल्बर्ट रॉबिन्सन अशी नावे त्या संघात होती. मैदानाची निगा राखणारा टॉम मर्फी होम प्लेटसमोरची, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेपुढची, माती धोपटून इतकी टणक करून ठेवी, की बाल्टिमोरच्या बॅटरने मुद्दाम खाली ठोकलेला चेंडू उंच उडे आणि तो खाली येईपर्यंत बॅटर पहिल्या बेसवर पोहोचलेला असे. कीलरने १८९७ मध्ये सलग ४४ सामन्यांत हिट मिळवली, म्हणजे फटका मारून बेस गाठला. तो विक्रम मोडण्यासाठी १९४१ साली जो डिमॅजिओ यावा लागला.

या संघाला कोणी हरवून संपवले नाही. मालक हॅरी व्हॉन डर हॉर्स्ट आणि हॅनलन यांनी ब्रुकलिनच्या मालकांशी भागीदारी केली. दोन्ही क्लब एकाच टोळक्याच्या ताब्यात आले आणि ब्रुकलिनला गर्दी अधिक म्हणून १८९९ मध्ये कीलर, केली, जेनिंग्ज तिकडे हलवण्यात आले. त्या वर्षीचे पेनंट ब्रुकलिनने जिंकले. मग्रॉ आणि रॉबिन्सन यांनी बाल्टिमोर सोडायला नकार दिला, आणि सव्वीस वर्षांच्या मग्रॉने उरल्यासुरल्या खेळाडूंना घेऊन संघ चौथ्या क्रमांकावर आणला. मला ही त्या क्लबाची सर्वांत मोठी कामगिरी वाटते, तीन पेनंटांपेक्षाही. पण लीगने बारा क्लबांचे आठ करण्याचे ठरवले आणि जे चार गाळले त्यांत बाल्टिमोर होते.

बाल्टिमोरने दाद मागायचे सोडले नाही. १९१४-१५ मध्ये फेडरल लीग या तिसऱ्या लीगमध्ये तिथला क्लब खेळला. ती लीग गुंडाळताना झालेल्या तडजोडीत बाल्टिमोरला डावलले गेले, तेव्हा क्लबाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलचे सामने भरवणे हा आंतरराज्य व्यापार नव्हे, असा निर्णय देऊन दावा फेटाळला, आणि ज्या व्यवस्थेने हे संघ गिळले तिला कायद्याचे कवच मिळाले. फेडरल लीगनंतर बाल्टिमोरला मुख्य लीगमधला संघ पुन्हा मिळाला तो थेट १९५४ मध्ये, तोही सेंट लुईसचा संघ तिथून उठून आला म्हणून. नव्या गावी त्याने ओरिओल्स हेच नाव घेतले. प्रॉव्हिडन्सला १८८५ नंतर अशी जागा आजतागायत मिळालेली नाही.