रजईखालचा तास

[दृश्य : शाळेचा मागचा जिना. क्रीडासाहित्याच्या खोलीचे कुलूप उघडले जाते.]

जून महिन्याचा शेवटचा आठवडा आहे. उर्वरित महाराष्ट्रातील शाळा केव्हाच भरल्या असल्या, तरी विदर्भातील उन्हामुळे येथील वर्ग आता कुठे सुरू होत आहेत. दक्षिण नागपुरातील या अनुदानित शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षिका सकाळी साडेसहालाच पोहोचल्या आहेत, आणि वर्गाकडे न वळता त्या जिन्याखालच्या या खोलीत शिरत आहेत. कबड्डीच्या गाद्या, लेझीम, स्नेहसंमेलनाचे जुने पडदे आणि तुटके फळे यांच्या मधोमध एक बाक ठेवलेला आहे. त्या बाकावर बसून शिक्षिका घरून आणलेली रजई डोक्यावरून ओढून घेतात. आमच्या कॅमेऱ्याच्या दिव्यामुळे ही खोली त्या दिवशी आणखी तापली होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

[दृश्य : रजईच्या आतून मोबाइलचा उजेड. शिक्षिकेचा आवाज.]

येथे एक पॉडकास्ट तयार होत आहे. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली बेन हॅमर्सले या ब्रिटिश पत्रकाराच्या लेखात प्रथम छापून आला. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवायचा आणि ऐकणाऱ्याने तो आपल्या सवडीने, हवा तितक्या वेळा ऐकायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, आणि रेडिओवरचा कार्यक्रम ठरल्या वेळी ऐकला नाही तर तो हातचा गेला, हा अनुभव या शहरातील जुन्या पिढीला चांगलाच परिचित आहे. पॉडकास्टमध्ये ती अडचण उरत नाही. शिक्षकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यासाठी केंद्र लागत नाही, मनोरा लागत नाही आणि प्रसारणाचा परवानाही लागत नाही. खिशातला फोन, एक कागद आणि शांत जागा असली की काम भागते. या तिन्हींत सर्वांत दुर्मीळ असते ती शांत जागा.

[दृश्य : रिकामा वर्ग. शिक्षिका टाळी वाजवतात. टाळी घुमते.]

शाळेचा वर्ग हा ध्वनिमुद्रणासाठी बहुधा सर्वांत वाईट जागा असतो. उघड्या भिंती, फरशी आणि वरचा स्लॅब यांवर आवाज आपटून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळून त्याला विहिरीतून बोलल्यासारखा करून टाकतो. एखादी खोली योग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी यंत्राची गरज नसते. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी आणि ती मागे घुमली, तर दुसरी खोली शोधावी. या शिक्षिकेने शाळेतल्या अकरा जागी टाळ्या वाजवून पाहिल्या. संगणक कक्षात पंख्याची घरघर होती, ग्रंथालयाच्या खिडकीखाली ऑटोचा थांबा होता, आणि मुख्याध्यापकांच्या कार्यालयात कूलर बंद करा असे म्हणण्याची हिंमत, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, त्यांना झाली नाही. शेवटी या अडगळीच्या खोलीत टाळी वाजली आणि जागच्या जागी विरली, कारण गाद्या आणि पडदे आवाज शोषून घेतात. रजईही तेच काम करते. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोलले, तरी हाच परिणाम साधतो. दारावरच्या कडुनिंबातील पाखरांचा आवाज मात्र त्यांनी ठेवला आहे, आणि तो काढून टाकण्याचे काही कारण आम्हालाही दिसले नाही.

[दृश्य : रेघी वहीचे पान. खोडाखोड. हस्ताक्षर जवळून.]

हा पहिल्या भागाचा मजकूर आहे. विषय नदीचा आहे. शिक्षिकेने प्रथम पाठ्यपुस्तकाच्या भाषेत तीन पाने लिहिली, वाचून पाहिली आणि ती तिन्ही पाने फाडली, कारण स्वतःचाच आवाज त्यांना परीक्षेच्या सूचना देणाऱ्या माणसासारखा वाटला. नव्याने लिहिलेल्या पानाची सुरुवात एका प्रश्नाने होते. पुलाखालून वाहणाऱ्या ज्या पाण्याला आपण नाला म्हणतो, तिचे खरे नाव काय, असा तो प्रश्न आहे. वर्गातील बहुतेक मुले नाग नदीला नालाच म्हणतात. शहराच्या पश्चिमेकडील लाव्हा परिसरातील टेकड्यांतून निघालेली, शहराला आपले नाव दिलेली आणि पुढे कन्हानच्या पाण्यातून वैनगंगेकडे जाणारी ही नदी आपल्या शाळेजवळून वाहते, हे त्यांना आठ मिनिटांत सांगायचे आहे. सावकाश बोलल्यास मराठीत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणून आठ मिनिटांसाठी नऊशे शब्दांहून अधिक लिहू नयेत, असा हिशेब त्यांनी वहीच्या कोपऱ्यात मांडलेला आहे.

२०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचामुळे पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवर फोन धरला की शैक्षणिक साहित्य समोर येते, आणि ते उपयोगी आहे याबद्दल वाद नाही. परंतु राज्यभरासाठी तयार केलेल्या साहित्याला या पुलाची माहिती असण्याचे कारण नाही. ती या शिक्षिकेला आहे, आणि हा चित्रपट त्यासाठीच काढलेला आहे.

[दृश्य : बाकावर पुस्तकांची चळत. तिच्यावर उभा ठेवलेला फोन. हाताची वीत मोजली जाते.]

फोन तोंडापासून एक वीत अंतरावर असावा आणि थेट समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवावा. मराठीत हे अधिकच आवश्यक आहे, कारण ‘फ’, ‘भ’, ‘ख’ अशी महाप्राण अक्षरे उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि तो सरळ माइकवर आदळला, की ‘फुफ्फुस’ या शब्दाचा स्फोट होतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी श्वसनसंस्थेवरचा भाग केला, तेव्हा हा शब्द बावीस वेळा आला होता. फोन विमान मोडवर टाकावा, अन्यथा मधेच कोणाचा तरी फोन येतो, आणि तो बहुधा शेवटच्या वाक्यालाच येतो. फोनमध्ये आधीपासून असलेले रेकॉर्डरचे ॲप पुरेसे आहे. सीताबर्डीच्या बाजारात हजार रुपयांच्या आत कॉलरचा माइक मिळतो आणि त्याने आवाजात फरक पडतो, हे खरे आहे. पण तो आपल्या फोनच्या छिद्रात बसतो की नाही, ते दुकानातच पाहून घ्यावे. पहिले पाच भाग तरी माइकशिवाय करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण माइक आणायचा राहिला म्हणून पॉडकास्टही राहिला, अशी उदाहरणे आम्हाला चित्रीकरणाच्या काळात एकाहून अधिक भेटली.

[दृश्य : शिक्षिका अडखळतात. टाळी. पुन्हा तेच वाक्य.]

चूक झाली तर मुद्रण थांबवायचे नाही. एक टाळी वाजवायची, एक श्वास घ्यायचा आणि चुकलेले वाक्य सुरुवातीपासून पुन्हा म्हणायचे. ही टाळी कशासाठी, ते पुढच्या दृश्यात कळते.

[दृश्य : संगणकाचा पडदा. निळी ध्वनिलहर. मधेच उंच टोके.]

हे ‘ऑडॅसिटी’ नावाचे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली या कामाला सुरुवात झाली, २००० साली ते लोकांसमोर आले आणि आजही ते विनामूल्य मिळते. शाळेच्या जुन्या संगणकावरही ते चालते. निळ्या लहरीत जी उंच सुळक्यासारखी टोके दिसत आहेत, त्या शिक्षिकेच्या टाळ्या आहेत. संपूर्ण मुद्रण पुन्हा ऐकत न बसता विज्ञानाचे शिक्षक थेट त्या टोकांपाशी जातात, टोकाआधीचे चुकलेले वाक्य टाळीसकट निवडतात आणि कळ दाबून काढून टाकतात. चौदा मिनिटांचे मुद्रण या पद्धतीने पाऊण तासात आठ मिनिटांवर आले.

[दृश्य : लहरीचा सुरुवातीचा सपाट भाग निवडला जातो.]

बोलणे सुरू करण्यापूर्वी शिक्षिका दहा सेकंद मुद्दाम गप्प बसल्या होत्या. त्या दहा सेकंदांत खोलीची स्वतःची कुजबुज मुद्रित झाली आहे. ‘नॉइज रिडक्शन’ या सोयीला तो तुकडा नमुना म्हणून दाखवला, की तशाच प्रकारचा आवाज उरलेल्या मुद्रणातून ती कमी करते. येथे हात आखडता ठेवावा लागतो, कारण ही सोय अधिक वापरली तर माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलतो आहे असे वाटू लागते. त्यानंतर एमपीथ्री फाइल करताना मोनो, म्हणजे एकच ध्वनिमार्ग, आणि ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, हा पर्याय निवडावा. एकट्या माणसाच्या बोलण्याला तेवढे पुरते, आणि मूळ वेव्ह फाइल ज्या ठिकाणी चाळीस एमबीच्या पुढे जाते, तेथे ही आठ मिनिटे चार एमबीच्या आत बसतात. ज्या घरात दिवसाचा डेटा मोजून वापरला जातो, तेथे हा फरक लहान नसतो.

[दृश्य : इतवारीची गल्ली. बांबूचा सांगाडा, कागद, रंगाचे डबे. मुले फोन पुढे धरून उभी.]

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पाचवीची सहा मुले मारबत, म्हणजे रोगराई आणि संकटांचे प्रतीक म्हणून मिरवून जाळला जाणारा पुतळा, तयार करणाऱ्या कारागिरांशी बोलायला गेली. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतींच्या मिरवणुकीला शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि तिच्याविषयी वर्गात वाचून दाखवण्याजोगे पुष्कळ आहे. मुलांनी मात्र विचारले, की इतकी मेहनत करून केलेली मारबत जाळताना वाईट वाटत नाही काय. कारागीर काही क्षण गप्प राहिले. ती शांतता शिक्षिकेने संपादनात कापली नाही, म्हणून आम्हीही कापलेली नाही.

[दृश्य : कारागिरांचा चेहरा. मुलाखतीचा मूळ आवाज. निवेदन नाही.]

मिरवणुकीच्या दिवशीचा पहिला प्रयत्न वाया गेला. ढोलताशांच्या इतक्या जवळून फोनचा माइक फाटतो आणि मुद्रणात केवळ खरखर उरते. मुलांनी दुसऱ्यांदा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून मुद्रण केले, तेव्हा ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी दुरून जवळ येत गेली, आणि भागाची सुरुवात त्यांना आयतीच मिळाली. मुलांचे आवाज असलेल्या प्रत्येक भागासाठी पालकांची लेखी संमती घेतलेली आहे, आणि भागात कोणत्याही मुलाचे आडनाव, पत्ता किंवा शाळेचे नाव येत नाही. ही काळजी सोयीची म्हणून नव्हे, तर आवश्यक म्हणून घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

[दृश्य : फोनवर फाइल पाठवली जाते. शिक्षकांची खोली, चहा.]

प्रसारणाचे दोन मार्ग आहेत. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर फाइल पाठवणे हा पहिला मार्ग आहे, आणि सुरुवातीला तोच बरा, कारण ऐकणारे कोण आहेत ते आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्या मार्गात स्पॉटिफायसारख्या कंपनीच्या विनामूल्य सेवेवर खाते उघडून भाग चढवायचा असतो. तेथून एक आरएसएस दुवा मिळतो, आणि तो इतर ॲपांना दिला, की प्रत्येक नवा भाग तेथे आपोआप पोहोचतो. ॲप बंद पडतात, गूगलचे पॉडकास्ट ॲप २०२४ साली बंद झालेच, म्हणून प्रत्येक भागाची मूळ प्रत आपल्याजवळ ठेवावी.

कविता सार्वजनिक करताना जपावे लागते. कवीच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणून १९०५ साली निधन पावलेल्या केशवसुतांची कविता मोकळी आहे; २००३ साली गेलेले सुरेश भट नागपूरकरांना कितीही आपले वाटले, तरी त्यांची कविता परवानगीवाचून टाकता येणार नाही. चित्रपटाच्या गाण्याचा तुकडाही लावू नये. या पॉडकास्टच्या सुरुवातीला शाळेची पितळी घंटा वाजते, आणि तिच्यावर कोणाचाही हक्क नाही.

[दृश्य : वर्गातील हजेरीपट. काही रिकामे बाक.]

आजारपणामुळे किंवा आईवडिलांच्या कामामुळे गैरहजर राहिलेली मुले आता मागचा भाग ऐकून वर्गात येतात, असे शिक्षिका सांगतात.

[दृश्य : ऑक्टोबर. रात्रीचे नऊ. एका खोलीचे घर. दारात सायकल.]

या घरातला फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो, म्हणून नवा भाग रात्रीच ऐकला जातो. ऑक्टोबरच्या उकाड्यामुळे कूलर पुन्हा खिडकीत लावलेला आहे. मुलगी फोन पितळी भांड्यात उभा ठेवते, कारण त्यामुळे आवाज मोठा होतो, हे तिने स्वतः शोधून काढले आहे. घंटा वाजते. आजीला नीट ऐकू येत नाही. ती हाताने खिडकीकडे खूण करते आणि मुलगी उठून कूलर बंद करते.

[दृश्य : सलग दीड मिनिट. आजी, मुलगी, भांड्यातला फोन. निवेदन नाही.]