रेंज गेल्यावर

[पहाटेचं हर्णै बंदर. इंजिनाचा आवाज. नौका बाहेर निघते आहे.]

सुवर्णदुर्ग मागे पडला की खलाशी मोबाइल काढतो. घरी शेवटचं बोलून घ्यायचं असतं. रेंजच्या चार दांड्यांच्या दोन होतात, मग एक. आवाज तुटायला लागतो आणि 'आल्यावर बोलू' एवढंही पुरं होत नाही.

मोबाइलच्या लहरी आखूड. 2300 मेगाहर्ट्झची लहर 13 सेंटिमीटरची, वीतभरसुद्धा नाही. ती जवळजवळ उजेडासारखी सरळ जाते. 900 मेगाहर्ट्झची 33 सेंटिमीटर. ती आडोशाला जराशी वळते, अंमळ लांब पोचते. पण पृथ्वीची गोलाई आड आली की तिचाही निभाव लागत नाही.

[केबिनमधला वायरलेस. आकडा 16.]

वायरलेसचा 16 नंबर, हाक मारायचा ठरलेला चॅनेल, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. लहर दोन मीटरला थोडी कमी. तीही नजरेच्या टप्प्यातलीच, म्हणून इथे सगळा खेळ उंचीचा. दोन नौकांचे अँटेना पाण्यापासून पाच-पाच मीटरवर असतील, तर साधारण 18 किलोमीटर. समोरचा अँटेना सड्यावर, शंभर मीटर उंचीवर असेल, तर तेच अंतर 50 किलोमीटरच्या घरात जातं. आणि 16 नंबरवरची हाक टप्प्यातल्या प्रत्येक नौकेला ऐकू जाते. मोबाइलच्या भरवशावर वायरलेस बंद ठेवू नका, हे अगदी कळकळीनं सांगतो.

[रात्र. जुना ट्रान्झिस्टर, खरखर, मग निवेदकाचा आवाज.]

तांडेलाच्या उशाशी ट्रान्झिस्टर असायचा, तो काळ आठवा. मोबाइल नव्हता, पण मुंबईच्या बातम्या भर समुद्रात लागायच्या. मुंबई केंद्राची 558 किलोहर्ट्झची लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब, 537 मीटरची. कोरड्या, खडकाळ जमिनीवर ती लवकर थकते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून समुद्राच्या पाठीला धरून ती क्षितिजापलीकडे उतरते. आकाशाकडे गेलेली लहर मात्र दिवसा वातावरणाचा वरचा एक थर शोषून घेतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो, लहर आणखी वर जाऊन परतते, आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं लागतात.

शिमग्यात खाडीपलीकडे पालखी नाचते, तेव्हा अलीकडे ढोलाचा घुमारा येतो, झांजा वाटेतच विरतात. तिथलं कारण वेगळं, तिथे हवा बारीक आवाज आधी गिळते. पण लांब लहर दूर पोचते, हा अनुभव कानाला ओळखीचा आहे.

मग सगळंच लांब लहरींवर का नाही? त्यांच्यावर माल थोडा मावतो. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर. फोरजीच्या एका पट्ट्याची रुंदी 20 मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे दोन हजार पटींहून जास्त. व्हिडिओ तिथेच बसतो. शिवाय 558 साठी पाव लहरीचा मनोरा उभारायचा तर 134 मीटरचा; मोबाइलचा अँटेना तळहातात मावतो.

[परतीची वाट. किनाऱ्याची काळी रेघ.]

चौथ्या दिवशी, माड दिसायच्याही आधी, खलाशाच्या खिशात फोन थरथरतो. तीन दिवसांचे निरोप एकदम येऊन पडतात. पहिला घरचा: 'जेवलात का?'